परिवहन राज्यमंत्री नेमके काय चालवतात?

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ साली जळगाव ग्रामीण हा मतदारसंघ पहिल्यांदाच अस्तित्वात आला आणि पहिल्याच लढतीत दोन गुलाबराव समोरासमोर उभे ठाकले. शिवसेनेचे गुलाबराव पाटील एरंडोलमधून दोनदा आमदार झालेले आणि सभा गाजवण्यात तरबेज. राष्ट्रवादीचे गुलाबराव देवकर जळगाव नगरपालिकेचे माजी नगराध्यक्ष. देवकर जिंकले आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडी सरकारात राज्यमंत्री झाले. वाट्याला आलेल्या खात्यांमध्ये परिवहन होते आणि जिल्ह्याचे पालकमंत्रिपदही त्यांच्याकडे आले.

जिल्ह्यातल्या माणसाला मंत्रिपद मिळाले की खान्देशात त्याचे काय होते, हे जळगाव-धुळ्याच्या लोकांना वेगळे सांगायला नको. ‘आपला भाऊ मंत्री व्हई गया’ म्हणत गावोगावी फलक लागतात, जेसीबीने फुले उधळली जातात आणि पहिल्या आठवड्यातच अर्जांची चळत तयार होते. त्या वेळी गाडीवर लाल दिवाही असे. तो केंद्र सरकारच्या निर्णयाने १ मे २०१७ पासून गेला. खाते परिवहनाचे असले तर अर्जांचा मजकूर ठरलेला. गावाला मुक्कामी गाडी हवी, बसस्थानकाचे छत गळते, पोराला कंडक्टर म्हणून लावून घ्या, आरटीओत काम अडलेय, पारोळ्याकडच्या रस्त्याला खड्डे पडलेत. या यादीतले परिवहन राज्यमंत्र्याच्या हातात नेमके किती असते, हे तपासून पाहिले तर राज्याचा कारभार कसा चालतो याची बरीच माहिती हाती लागते.

सुरुवात दर्जापासून. मंत्र्यांच्या नेमणुकीबद्दल बोलणाऱ्या राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात फक्त ‘मंत्री’ आहेत. कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री ही उतरंड त्या अनुच्छेदात नाही. ती प्रथेने आणि राज्याच्या कार्यनियमावलीने घडली. शपथ सगळे सारखीच घेतात. फरक पडतो तो खातेवाटपानंतर. खात्याचा प्रमुख कॅबिनेट मंत्री असतो आणि त्यातले कोणते विषय राज्यमंत्र्याकडे द्यायचे, हे तोच लेखी आदेशाने ठरवतो. तो आदेश निघेपर्यंत राज्यमंत्र्याकडे दालन असते, कर्मचारी असतात, भेटायला आलेल्यांची गर्दी असते. सहीसाठी येणारी फाईल मात्र नसते. मंत्रिमंडळाच्या साप्ताहिक बैठकीचेही त्याला सहसा बोलावणे नसते.

तरीही या पायरीला कमी लेखणे चुकीचे ठरेल. जळगावच्या प्रतिभा पाटील १९६२ मध्ये विधानसभेत गेल्या, १९६७ मध्ये उपमंत्री म्हणून मंत्रिमंडळात आल्या आणि १९७२ मध्ये कॅबिनेट मंत्री झाल्या. त्यांची पुढची वाटचाल राष्ट्रपती भवनापर्यंत गेली. उलट उदाहरणही खान्देशातलेच आहे. नंदुरबारमधून नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेलेले माणिकराव गावित केंद्रात राज्यमंत्री झाले, पण त्यापुढची पायरी त्यांना चढायला मिळाली नाही. नऊ निवडणुका जिंकूनही जे मिळत नाही ते एखाद्याला दुसऱ्याच खेपेला मिळते. इथे गुणवत्तेपेक्षा पक्षाचा कोटा, प्रदेशाचा समतोल आणि त्या वेळची गरज यांचा हिशेब जास्त चालतो.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने तो हिशेब आणखी आवळला. मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नये, असे तिने ठरवले. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. त्याआधी राज्याने साठीपार मंत्रिमंडळे पाहिली होती. जागा मोजक्याच उरल्यावर जो तो कॅबिनेट मागू लागला आणि राज्यमंत्रिपदे घटत गेली. ज्यांच्या नशिबी ती येतात, त्यांच्याकडे पाच-सहा खाती एकदम येतात. कागदावर भारदस्त दिसणारी ही यादी प्रत्यक्षात सहा वेगवेगळ्या कॅबिनेट मंत्र्यांच्या मर्जीवर अवलंबून असते.

आता परिवहन खाते. हे मंत्रालयात स्वतंत्र इमारत करून बसलेले खाते नाही. प्रशासकीयदृष्ट्या ते गृह विभागाच्या छत्राखाली येते आणि शासन निर्णयांवर ‘गृह विभाग (परिवहन)’ अशी ओळ असते. त्याच्या हाताखाली दोन मोठ्या यंत्रणा. एक परिवहन आयुक्तांची: म्हणजे सगळी आरटीओ कार्यालये, लायसन्स, नोंदणी, वाहनकर, परवाने आणि तपासणी. दुसरी एसटी महामंडळ.

यात रस्ते कुठेच नाहीत! पारोळ्याकडचा खड्डा राष्ट्रीय महामार्गावर असेल तर तो केंद्राचा, राज्य मार्गावर असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याचा, गावरस्त्यावर असेल तर जिल्हा परिषदेचा. धुळ्याला मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन राष्ट्रीय महामार्ग भेटतात आणि शहराची अर्धी ओळख त्या चौफुलीवर उभी आहे. त्या तिन्हींपैकी एकाच्याही डांबरावर परिवहन राज्यमंत्र्याचा अधिकार चालत नाही. शहर बस महापालिकेची आणि रेल्वे दिल्लीची. भुसावळ जंक्शनवरून रोज कितीही गाड्या धावोत, राज्याच्या परिवहन खात्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

मग आरटीओचे तरी काय? धुळ्याची एमएच-१८, जळगावची एमएच-१९, नंदुरबारची एमएच-३९ ही ओळख सगळ्यांना पाठ असते. पण रिक्षाचे भाडे किंवा परवान्यांच्या अटी ठरवायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ही वेगळी संस्था नेमली आहे. जिल्ह्यात तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सचिव आरटीओचे अधिकारी. वाहतुकीच्या धंद्यात ज्याचे पैसे गुंतले आहेत, त्याला तिचे सदस्य होता येत नाही, इतकी खबरदारी कायद्यानेच घेतली आहे. परवाना नाकारला गेला तर दाद मागायची ती राज्य परिवहन अपिलीय न्यायाधिकरणाकडे.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटला तरी राज्यमंत्र्याचे वजन त्यावरच ठरते. ज्या खात्यांत अपिले शासनाकडे येतात, तिथे ती ऐकण्याचे काम राज्यमंत्र्यांकडे सोपवण्याची पद्धत आहे, आणि सुनावणीच्या दिवशी त्याच्या दालनाबाहेर वकिलांची रांग लागते. महसूल, सहकार, अन्न व नागरी पुरवठा ही त्यातली ठळक खाती. २०१६ मध्ये दुसऱ्या गुलाबरावांना, म्हणजे पाटलांना, राज्यमंत्रिपद मिळाले ते सहकाराचे. सहकार कायद्यात शासनाकडे अपील आणि पुनरीक्षणाची तरतूद आहे. विकास सोसायट्या, दूध संघ, सूतगिरण्या आणि जिल्हा बँक यांच्यावर ज्या जिल्ह्याचे राजकारण चालते, तिथे अशा खात्याचा राज्यमंत्री म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. परिवहनात मात्र न्यायाधिकरण मध्ये आल्यामुळे ती रांग लागत नाही. एकाच मतदारसंघाच्या दोन प्रतिस्पर्ध्यांना एकाच दर्जाची पदे मिळाली, पण त्या पदांची धार सारखी नव्हती.

राहता राहिली एसटी. खान्देशात परिवहन म्हणजे एसटीच. जळगाव विभागात जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, चोपडा, यावल, रावेर, मुक्ताईनगर, जामनेर, एरंडोल ही आगारे. धुळे विभागाचा पसारा दोन जिल्ह्यांचा, कारण १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तरी एसटीचा विभाग वेगळा झाला नाही. धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा, दोंडाईचापासून थेट नवापूर, शहादा, अक्कलकुव्यापर्यंत. सातपुड्याच्या कुशीतल्या गावाला मुक्कामी गाडी जाते की नाही, यावर तिथल्या पोरीचे कॉलेज अवलंबून असते. काळी-पिवळी आणि ॲपे रिक्षा आहेत, पण त्या भरल्याशिवाय निघत नाहीत आणि अंधार पडल्यावर बापाला त्यांचा भरवसा वाटत नाही.

ही एसटी सरकारी खाते नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने तिला स्वतंत्र महामंडळाचे रूप आले. सरकार तिला निर्देश देऊ शकते, अध्यक्ष आणि संचालक नेमू शकते, पण रोजचा कारभार उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक या पदावरचा सनदी अधिकारी पाहतो. कोणती गाडी कोणत्या गावाला किती वाजता सोडायची हे विभागातले वाहतूक अधिकारी आणि आगार व्यवस्थापक ठरवतात. अध्यक्षपद कधी मंत्र्याकडे असते, कधी पक्षातल्या नाराजाची समजूत काढायला वापरले जाते. दिवाकर रावते परिवहनमंत्री असताना अध्यक्षही होते. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना, मंत्रिपदाची वाट पाहणाऱ्या भरत गोगावले यांना ते देण्यात आले. ते मंत्री झाल्यावर खुर्ची आधी संजय सेठी या सनदी अधिकाऱ्याकडे आणि मग परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे गेली. परिवहन राज्यमंत्र्याचा विचार या फेऱ्यात कुठे झालेला दिसत नाही.

भाड्याचे उदाहरण घ्या. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. टीका अर्थातच मंत्र्यांवर झाली. त्या वाढीला मंजुरी दिली होती ती राज्य परिवहन प्राधिकरणाने, म्हणजे अधिकाऱ्यांच्या समितीने.

या पदाची खरी परीक्षा महाराष्ट्राने नकळत एकदा घेऊन टाकली आहे. ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली आणि पुढचे चाळीस दिवस मंत्रिमंडळात हे दोघेच होते. त्याच काळात, १८ जुलैला सकाळी, इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी मध्य प्रदेशात खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली. गाडी अमळनेर आगाराची. चालक-वाहकासह किमान १२ जण गेले. खान्देशातले लोक इंदूरशी सोयरिकीने आणि व्यापाराने बांधलेले. त्या मार्गाची एसटी म्हणजे घरातली गाडी. त्या दिवशी राज्याला परिवहनमंत्री नव्हता, राज्यमंत्रीही नव्हता. मृतांच्या वारसांना एसटीकडून दहा लाख रुपये देण्याचे मुख्यमंत्र्यांनीच जाहीर केले.

९ ऑगस्टला १८ मंत्र्यांनी शपथ घेतली. सगळे कॅबिनेट. जुलै २०२३ मध्ये अजित पवारांसह नऊ जण आले, तेही कॅबिनेट. परिवहन मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवले. म्हणजे २०२२ च्या मध्यापासून २०२४ च्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात एकही राज्यमंत्री नव्हता, परिवहनाचा तर नव्हताच. आणि एसटीच्या अलीकडच्या इतिहासातले दोन मोठे निर्णय नेमके याच काळातले. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले, आणि त्याची घोषणा अर्थसंकल्पाच्या भाषणात, म्हणजे अर्थमंत्र्यांच्या तोंडून झाली होती. जळगाव-धुळ्याच्या फलाटांवर बायकांची गर्दी वाढली, लेकी माहेरी जास्त येऊ लागल्या. या दोन्ही निर्णयांसाठी परिवहन राज्यमंत्री लागला नाही, तिजोरीची किल्ली लागली.

मग हे पद ठेवतात कशासाठी? आघाडी-युतीच्या सरकारांतल्या जोड्या पाहिल्या तर उत्तर बऱ्यापैकी मिळते. २००९ मध्ये परिवहन काँग्रेसच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे होते, राज्यमंत्री देवकर राष्ट्रवादीचे. २०१४ नंतर मंत्री शिवसेनेचे दिवाकर रावते, राज्यमंत्री भाजपचे विजय देशमुख. २०१९ मध्ये मंत्री शिवसेनेचे अनिल परब, राज्यमंत्री काँग्रेसचे सतेज पाटील. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्री शिवसेनेचे प्रताप सरनाईक, राज्यमंत्री भाजपच्या माधुरी मिसाळ. चार सरकारांत चारही वेळा मंत्री एका पक्षाचा आणि राज्यमंत्री दुसऱ्याचा. यात योगायोग फारसा नाही. मित्रपक्षाच्या खात्यात आपला एक माणूस बसवून ठेवण्याची ही रीत आहे. त्याच्यामार्फत फाईल गेली नाही तरी त्याला आत काय शिजतेय ते कळते, आणि त्याला कळते हे समोरच्यालाही ठाऊक असते.

अर्थात ज्याच्या खात्यात असा माणूस बसतो, तो अधिकार सढळ हाताने कशाला देईल? राज्यमंत्र्यांची ‘आम्हाला कामच नाही’ ही तक्रार म्हणूनच प्रत्येक सरकारात ऐकू येते. जुलै २०२५ मध्ये ती चव्हाट्यावर आली. माधुरी मिसाळ यांच्याकडे परिवहनासोबत सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्रिपदही आहे. त्या खात्याच्या आढावा बैठका त्यांनी घेतल्यावर कॅबिनेट मंत्री संजय शिरसाट यांनी पत्र लिहून आक्षेप घेतला. बैठक घ्यायला आपल्याला परवानगीची गरज नाही, असे मिसाळ यांनी उलट कळवले. हे पत्रयुद्ध वृत्तपत्रांनी चवीने छापले. त्यातला मुद्दा मात्र जुनाच होता: आढावा घेणे आणि निर्णय घेणे यांतली रेघ कुठे आखायची, हे कोणत्याच पुस्तकात स्पष्ट लिहिलेले नाही.

विधिमंडळात मात्र राज्यमंत्र्याला खरे काम असते. विधानसभा आणि विधान परिषद एकाच वेळी चालतात. मंत्री एका सभागृहात अडकलेला असताना दुसरीकडे तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी आली की राज्यमंत्री उभा राहतो. घटनेने मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलण्याची मुभा दिली आहे. उत्तर द्यायचे तर खात्याने माहिती पुरवावीच लागते. हुशार राज्यमंत्री याच निमित्ताने खाते शिकून घेतो आणि अधिकाऱ्यांना नावाने ओळखू लागतो. दालनात बसून त्याने विभाग नियंत्रकाला केलेल्या एका फोनला कायद्याने काही किंमत नसेल, व्यवहारात असते. शेवटच्या गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकवणे, नादुरुस्त गाड्यांच्या जागी दोन बऱ्या गाड्या आगाराकडे वळवणे, परीक्षेच्या दिवसांत जादा फेरी, ही कामे अशा फोनवर होतात. ती कुठल्या अहवालात येत नाहीत आणि गावात मात्र दहा वर्षे लक्षात राहतात.

पण तसा फोन आमदारही करू शकतो. गाड्यांच्या क्रमांकांचेच पाहा. चाळीसगावहून जळगावचे आरटीओ कार्यालय शंभर किलोमीटरच्या घरात. लायसन्ससाठी एक दिवसाची मजुरी बुडवून जायचे. तिथे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आणि एमएच-५२ हा स्वतंत्र क्रमांक आला तो आमदार मंगेश चव्हाण यांच्या पाठपुराव्यातून, परिवहन खाते मुख्यमंत्र्यांकडे असताना. शाळकरी मुलींसाठी धावणाऱ्या निळ्या बसगाड्या एसटी चालवते, पण त्यांचा पैसा मानव विकास कार्यक्रमातून, म्हणजे नियोजन खात्याकडून येतो. हा कार्यक्रम २२ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत आहे आणि खान्देशचे तिन्ही जिल्हे त्यात आहेत. बसस्थानकांच्या आवारातला चिखल हटवायला काँक्रीट टाकण्याचे काम २०२३ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाकडे गेले, ते उद्योग खात्याचे. शिरपूरच्या पुढे हाडाखेडला किंवा मुक्ताईनगरजवळ पुरनाडला ट्रकवाल्यांना थांबवणारे सीमा तपासणी नाके बंद करण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली ती कॅबिनेट मंत्री सरनाईकांची.

देवकरांच्या बाबतीत परिवहनापेक्षा पालकमंत्रिपद जास्त वजनदार होते, असे म्हणायला जागा आहे. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. कोणत्या तालुक्याला किती निधी, कोणती शाळा खोली आधी, कोणता पाझर तलाव नंतर, हे त्या बैठकीत ठरते. राज्यमंत्र्याच्या दर्जाचा माणूस मुंबईत दुय्यम असतो. त्या बैठकीत तो पहिल्या खुर्चीत बसतो आणि जिल्हाधिकारी त्याच्या शेजारी.

ते पद त्यांच्याकडे फार काळ राहिले नाही. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल प्रकरणात मे २०१२ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे मंत्रिपद सोडावे लागले. मामला त्यांच्या नगरपालिकेतल्या काळाचा, परिवहनाशी संबंध नसलेला. फिर्याद २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी दिली होती. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ३१ ऑगस्ट २०१९ च्या निकालात माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची आणि देवकरांना पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याविरुद्धची अपिले उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. जळगाव ग्रामीणमध्ये दोन गुलाबरावांची गाठ २०१४ आणि २०२४ मध्ये पुन्हा पडली आणि दोन्ही वेळा पाटील जिंकले.

विचित्र गोष्ट अशी की खान्देशाला परिवहनाचे पूर्ण कॅबिनेट मंत्रिपदही मिळाले होते आणि तेही दुसऱ्याच खात्याच्या प्रकरणाने संपले. नवापूरचे सुरूपसिंग नाईक २००६ मध्ये परिवहनमंत्री होते. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सुनावली. कारण त्याआधी ते वनमंत्री असताना लाकूड कारखान्यांना दिलेल्या परवानग्या.

वाहतुकीतले कनिष्ठ पद खरोखर काय घडवू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण शेजारच्या जालन्यातून आणि रेल्वेतून येते. भोकरदन तालुक्यातल्या गावच्या सरपंचपदापासून वर आलेले रावसाहेब दानवे जुलै २०२१ मध्ये रेल्वे राज्यमंत्री झाले. जालना-जळगाव या नव्या मार्गाच्या सर्वेक्षणाची चक्रे २०२२ च्या सुरुवातीला फिरली. अजिंठ्याला रेल्वेने जोडणारा, मराठवाड्याचा कापूस आणि खान्देशची केळी एका मार्गावर आणू शकणारा हा प्रकल्प. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव होते आणि अंतिम मंजुरी केंद्रीय मंत्रिमंडळाचीच. पण कोणते सर्वेक्षण आधी हाती घ्यायचे, कोणता अहवाल धूळ खात पडू द्यायचा नाही, एवढे राज्यमंत्री नक्की करू शकतो आणि इथे ते झालेले दिसते. १७४ किलोमीटरच्या, ७,१०६ कोटींच्या या मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. दानवे मात्र जूनमध्येच काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून हरले होते.

धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे तर वाहतूक खात्यात कधी नव्हतेच. २०१६ ते २०१९ ते संरक्षण राज्यमंत्री होते. पण धुळ्यात त्यांना सतत विचारला जाणारा प्रश्न मनमाड-इंदूर रेल्वेचाच होता. १९०० सालापासून चाळीसगावहून आलेल्या फाट्याच्या टोकाशी थांबलेल्या या शहराला पुढे रूळ हवे होते, आणि खासदार राज्यमंत्री झाला की तो कोणत्या खात्याचा हे मतदार बघत नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या धुळे दौऱ्यात धुळे-नरडाणा टप्प्याचे भूमिपूजन झाले. संपूर्ण ३०९ किलोमीटरच्या, १८,०३६ कोटींच्या मार्गाला मंजुरी मिळाली २ सप्टेंबर २०२४ रोजी. भामरे त्याआधी तीन महिने चार हजारांहून कमी मतांनी पडले होते.

आजच्या घडीला जळगाव जिल्ह्यात गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, संजय सावकारे आणि धुळ्यात जयकुमार रावल असे चार कॅबिनेट मंत्री आहेत. केंद्रात रावेरच्या रक्षा खडसे क्रीडा राज्यमंत्री. मंत्रिपदांची कमी नाही, पण यातल्या कुणाकडेच परिवहन नाही. त्यामुळे बंद पडलेल्या गाडीची कैफियत घेऊन मुंबईची रेल्वे पकडण्याआधी ग्रामपंचायतीचा ठराव करून तो आगार व्यवस्थापकाकडे द्यायचा, रस्ता बसला चालेल की नाही हे एसटीला तपासू द्यायचे, फेरीला उत्पन्न मिळेल हे पटवायचे, आणि तिथे अडले तर विभाग नियंत्रकाचे दार ठोठवायचे. रिक्षाचे भाडे जास्त घेतले जात असेल तर ते जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणाचे काम. गाडी मुलींच्या शाळेसाठी हवी असेल तर अर्जात मानव विकास कार्यक्रमाचे नाव घालायला विसरायचे नाही, कारण मग तो कागद एसटीच्या तोट्याच्या खात्यात जमा न होता नियोजन खात्याच्या टेबलावर जातो.